आधी छत, मग पाणी

आबा कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच आधी वर बघायचे. नमस्कार नंतर, ख्यालीखुशाली नंतर, पाण्याचा पेला तर फारच नंतर. दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान मागे टाकून ते खोलीच्या चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायचे. मग तुळईखालची खुर्ची उचलून भिंतीकडे सरकवायचे आणि तेव्हा कुठे बसायचे. यजमानाने काही विचारलंच तर म्हणायचे, "आधी छत, मग पाणी. पाणी काय, कुठेही मिळतं."

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेही असंच. मुलीकडची माणसं 'घर बघायला' येतात म्हणजे खरं तर माणसं बघायला येतात. आबा मात्र धुळ्याहून पिंप्राळ्याला आमच्याकडे आले ते खरोखर घरच बघायला. आईने मला नवा शर्ट घालून बसवलं होतं, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बैठकीच्या खोलीचं छत बघून झालं, तसे ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "इथे ओल आहे. वरच्या मजल्यावर मोरी असणार." मोरी होती. निघताना माझ्या वडिलांचा हात हातात घेऊन त्यांनी निकाल दिला, "मुलगा चांगला वाटला. स्वयंपाकघराचा स्लॅब तेवढा बघून घ्या."

आठवडाही झाला नसेल, त्यांच्या ओळखीचा एक गवंडी थापी आणि पाटी घेऊन आमच्या दारात हजर. आई आधी फणफणली. मुलीच्या बापाने आमचं घर दुरुस्त करायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. पण निघालेला पोपडा तिने पाहिला, आतली गंजलेली सळई पाहिली आणि गप्प झाली. पुढे तीच बायकांना कौतुकाने सांगायची की आमच्या व्याह्यांनी साखरपुड्याआधी स्लॅब दिला.

आबा बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. धुळे, साक्री, नवापूर या पट्ट्यातले कितीतरी लहान पूल, शाळा आणि वसतिगृहं त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. ठेकेदार त्यांना टरकून असत. सिमेंटवर त्यांचा जितका विश्वास, तितका लाकडावर अविश्वास. "लाकूड म्हणजे मेलेलं झाड," ते म्हणत. "मेलेल्यावर किती दिवस भरवसा ठेवायचा?" देवपुरात त्यांनी बांधलेल्या घराला लाकडी चौकटसुद्धा नव्हती. दारं लोखंडी, खिडक्या लोखंडी. मे महिन्यात त्या घरात दुपारी शिरणं म्हणजे भट्टीत शिरणं, पण आबा खुशाल पंख्याखाली झोपायचे.

एकच जागा अशी होती, जिथे आबा निर्धास्तपणे वर बघायचे. अजिंठा. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ते आम्हा दोघांना लेण्यात घेऊन गेले. चैत्याच्या मोठ्या लेण्यात ते स्तूपासमोर चक्क मांडी घालून बसले. "हे बांधलेलंच नाही, जावईबुवा, हे कोरलंय. पडायला यात काही ठेवलंच नाही," असं म्हणून त्यांनी वरच्या कमानीत एकीला लागून एक कोरलेल्या दगडी फासळ्या दाखवल्या. "या फासळ्यांचं इथे काही काम नाही बरं का. आधी असले मंडप लाकडाचे असत, तिथे त्या लागायच्या. दगड कोरायला घेतला तरी कारागिराला लाकडाची सवय सुटली नाही. ज्याची नक्कल केली ते लाकूड कधीच गेलं. नक्कल उरली."

हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की मला हसू आलं. सीमाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला कोपर मारलं. का मारलं ते घरी आल्यावर माईंनी सांगितलं. माई म्हणजे माझ्या सासूबाई.

आबांचं लहानपण पांझरेकाठच्या गावात, धाब्याच्या घरात गेलं. लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं ते घर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकायची. जुनी मात्र कुणी काढायचं नाही. लाकूड करकरलं की सांध्यात एक पाचर ठोकायची, पुन्हा करकरलं की आणखी एक. एका वर्षी श्रावणात झड लागली, माती पाणी पिऊन फुगली आणि मधली तुळई बसली. आबा तेव्हा अंगणात होते. त्यांची धाकटी बहीण आत झोपली होती. माईंनी एवढं सांगितलं आणि त्या चहाच्या कपबशा उचलून आत गेल्या.

त्यानंतर मी आबांच्या छत बघण्याला कधी हसलो नाही. पण माझं नशीब असं की मला नोकरी लागली ती जपानात. रोज उठून जिथे धरणी हलते तिथे, आणि भाड्याने मिळालं ते घर दुमजली, अख्खं लाकडाचं. नारा शहराच्या बाहेर, भातशेतीला लागून. हे कळल्यावर आबा फोनवर एवढंच म्हणाले, "बरं." पुढे कितीतरी दिवस त्यांनी माझ्याशी हवापाण्यापलीकडे शब्द काढला नाही.

सीमाशी मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल. फोन लागला की समोर आबांचा चष्मा आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सीमा, पहिले वर दखाड." सीमा मुकाट्याने फोन छताकडे धरायची. आबा बैठकीची खोली, स्वयंपाकघर, जिना असं सगळं वरून तपासायचे. मग कुठे लेकीचा चेहरा बघायचे. आमची ओवी जन्मली तेव्हाही तेच. बाळंतपणाला माई एकट्या आल्या. आबा आले नाहीत. नातीचं तोंड त्यांनी फोनवर पाहिलं, पण त्याआधी पाळण्यावरचं छत पाहिलं.

ओवी रांगायला लागली आणि आबांनी सरळ विषय काढला. जळगावच्या एका कारखान्यात त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "तुम्ही दोघं मोठे आहात, तुमचं तुम्ही बघा. पण त्या लेकराला तिथे ठेवू नका," ते म्हणाले. सीमा फोन ठेवून रडली. तिला इकडे शिकवायचं काम नुकतं मिळालं होतं, शेजारणींशी मोडकंतोडकं का होईना बोलता यायला लागलं होतं. पण आबांची झोप उडालीय आणि गोळ्या वाढल्यात, हे माईंकडून कळत होतं. तिला इकडे राहायचं होतं आणि बापाचा जीव टांगणीला लावून राहायचं नव्हतं. शेवटी मीच आबांना म्हणालो, "एकदा या. घर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बघून नको म्हणालात तर आम्ही सामान बांधतो." हे बोलताना मी मनापासून बोलत होतो आणि मनातून घाबरलोही होतो.

आबा आले. विमानात ते वर बघत बसले होते असं माई म्हणाल्या. घरात शिरताच छत झालं, मग भिंतींवर टकटक झाली, मग ते जिन्याखाली वाकले. घराचे कागद मागवून सीमाकडून एकेक ओळ समजून घेतली. घर भूकंपाचे सगळे नियम पाळून बांधलेलं आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते त्यांच्या डोक्याला पटलं होतं. मनाला पटत नव्हतं. ओवी घरात असली की ते दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसायचे, म्हणजे वेळ आलीच तर दोन ढांगांत तिला उचलून बाहेर पडता येईल. माई म्हणायच्या, "आते तरी नीट बसा." ते बसायचे नाहीत.

मग त्यांनी पाचर मारली. एक नव्हे, बऱ्याच. जोराचा वारा आला की ते घर बारीक करकरायचं, आणि करकर ऐकली की काय करायचं ते आबांना लहानपणापासून ठाऊक होतं. मी कामावर आणि सीमा बाजारात गेलेली असताना त्यांनी फळांच्या खोक्याच्या पट्ट्या तासल्या आणि जिथे जिथे खांब आणि तुळईत फट दिसली तिथे तिथे दगडाने ठोकून बसवल्या. सीमा परत आली तेव्हा आतल्या खोलीचं सरकतं दार जागचं हलेना. ओवी आत झोपली होती. आबा दार ओढताहेत, माई देवाचं नाव घेताहेत, आत ओवी जागी होऊन टाहो फोडतेय. सीमा अंगणातल्या खिडकीतून आत उतरली आणि लेकीला छातीशी धरून तिथूनच म्हणाली, "आबा, तुम्ही घर पक्कं करत नाही आहात. तुम्ही मला कोंडताय."

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा दारावरची पाचर निघाली होती, दार सरकत होतं आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आबा अंगणात पाठमोरे बसले होते. त्यांच्या खांद्यांकडे बघून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घरातली हवा निवळावी म्हणून मी सगळ्यांना जवळच्या एका जुन्या बौद्ध मंदिरात घेऊन गेलो. तिथे पाच छपरांचा लाकडी पॅगोडा आहे. माझ्या मनात तेव्हा दुसरा काही हेतू नव्हता. माईंनी धुळ्याहून आणलेल्या ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या, भाकरी आणि वांग्याची भाजी चार कप्प्यांच्या डब्यात भरून घेतली होती.

फाटकातून आत गेलो आणि आबांनी सवयीने मान वर केली. ती लवकर खाली आली नाही. एकावर एक पाच छपरं, प्रत्येक खालच्यापेक्षा जरा आखूड, कोपरे किंचित वर उचललेले. छपरं भिंतींच्या इतकी बाहेर आलेली की खाली उभ्या माणसाला फक्त लाकडाचे एकावर एक बसवलेले हात दिसावेत. वर कौलांचं केवढं तरी ओझं. "केव्हाचं म्हणालात हे?" त्यांनी विचारलं. तेराशे वर्षांचं असेल, मी म्हणालो. "लाकडाचं?" लाकडाचंच. "इथे भूकंप होत नाहीत का?" होतात, मी म्हणालो, सगळीकडे होतात.

आबा पॅगोड्याला हळूहळू फेरी घालायला लागले. कळसाच्या धातूच्या कड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "हा स्तूपच आहे. अजिंठ्याच्या स्तूपावर छत्र्या आहेत ना, त्याच त्या. आपला बसलाय, हा उभा राहिलाय." मग त्यांना तो फलक दिसला. पॅगोडा मधोमध उभा कापला तर आत कसा दिसेल, त्याचा नकाशा होता तो. मजकूर सगळा जपानी. सीमा वाचून सांगायला पुढे झाली, तर आबांनी तिला हातानेच थांबवलं. नकाशा वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. त्यांचं बोट पायाच्या दगडावर टेकलं आणि मधल्या एका लांबलचक खांबावरून वर सरकत कळसापर्यंत गेलं. पुन्हा खाली आलं. पुन्हा वर गेलं. मग ते फलकाच्या अगदी जवळ गेले आणि चष्मा काढून बघू लागले.

"यानं खांब मजल्यांना बांधलाच नाही," ते म्हणाले.

कितीतरी वेळाने आम्ही झाडाखालच्या बाकावर जेवायला बसलो. आबांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. जेवण उरकतं न उरकतं तोच त्यांनी डब्याचे चारही कप्पे दांडीशिवाय एकावर एक रचले आणि बाक हलक्या हाताने मागेपुढे हलवला. कप्पे आपापल्या जागी सरकले, कुरकुरले आणि पुन्हा नीट बसले. मग त्यांनी तेच कप्पे दांडीत अडकवून वरची कडी घट्ट लावली आणि बाक तसाच हलवला. अख्खा डबा आडवा झाला आणि उरलेली वांग्याची भाजी माईंच्या पातळावर सांडली. समोरच्या बाकावरच्या दोन जपानी आजीबाई अदबीने दुसरीकडे बघायला लागल्या.

"दिसलं का?" आबा म्हणाले. भाजीचं त्यांना भानच नव्हतं. "प्रत्येक मजला खालच्यावर नुसता ठेवलाय. जमीन हलली की एक इकडे जातो, त्याच्या वरचा तिकडे. छपराचं ओझं बाहेर टांगून आतलं तोलून धरलंय. सांध्यांना हलायला जागा ठेवलीय. आम्ही जन्मभर सगळं एकमेकांना आवळून बांधलं."

"आणि मधला खांब?" सीमाने विचारलं. आदल्या दिवसानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"तो कुणाचं ओझं घेत नाही. कुणाला धरून ठेवत नाही," आबा म्हणाले. "कुणी फारच कलला तर तेवढा अडवतो. असं म्हणतात बुवा. हा नक्की कशामुळे उभा आहे यावर जाणते लोकही वाद घालत असतील. पण उभा आहे, ते तर दिसतंच आहे."

पातळ पुसता पुसता माई म्हणाल्या, "तुम्ही काय बोलनात, ते तुम्ही आयकं का?"

 आबांनी ओवीला सीमाच्या मांडीवरून उचललं आणि पॅगोड्याच्या पहिल्या छपराखाली जाऊन उभे राहिले. त्या एवढ्या लाकडाच्या बरोबर खाली. वारा सुटला होता आणि कोपऱ्यांतल्या घंटा किणकिणत होत्या. ओवी वर बघत होती, आबाही वर बघत होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा ते तिला आपल्या बोलीत सांगत होते, "दरसाल माटी टाकेत, काढे कोनी नई." तिला काय कळणार होतं? पण त्या पडलेल्या घराचा, बहिणीचा विषय त्यांनी स्वतःहून काढल्याचं सीमाने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली.

घरी आल्यावर कपडेसुद्धा न बदलता आबांनी स्टूल मागितलं. राहिलेल्या पाचरी एकेक करून स्वतः काढल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "ज्यानं ठोकल्या त्याला काढू द्या."

त्यांच्या परतीच्या आधी एका सकाळी धक्का बसला. फार मोठा नव्हता, पण कपबशा वाजल्या, दिवा झुलायला लागला आणि सगळं घर करकरलं. सीमा गॅसपाशी होती, मी जिन्यात. आबा बैठकीच्या खोलीत ओवीला घेऊन जमिनीवर बसले होते. दार त्यांच्यापासून लांब होतं. मी धावत आत आलो. आबांनी एका हाताने ओवीला पोटाशी धरलं होतं, दुसऱ्या हाताचा तळवा खांबावर टेकला होता आणि डोळे मिटले होते. डॉक्टर नाडी बघतात तसे ते घराची हालचाल बघत होते. थरथर कमी होत गेली. दिवा झुलायचा थांबला. ओवीला मजा वाटली असावी, ती हसत होती.

"बसलं जागेवर," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मेलंय कुठे हे लाकूड? अजून हलतंय की."

मग ते सीमाकडे बघून म्हणाले, "ऱ्हा आठेच." इथेच राहा. सीमाने गॅस बंद केला आणि ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.  मी परत जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. माईंनी चहा मला तिथेच आणून दिला.

पुढची वर्षं आबा धुळ्यात त्या पॅगोड्याचे वकीलच झाले. भेटेल त्याला डबा मागायचे आणि कप्पे रचून दाखवायचे. लग्नकार्यात वाढप्यांकडूनसुद्धा त्यांनी डबे घेतले असं ऐकलं. अजिंठ्याला पाहुण्यांना घेऊन गेले की फासळ्या दाखवून म्हणायचे, "ही नक्कल आहे. अस्सल मी बघून आलोय." मागच्या उन्हाळ्यात ते देवपुरातल्या त्यांच्या भट्टीत, पंख्याखाली, दुपारच्या झोपेतच गेले. मान उशीवर एका कुशीला वळली होती, वर बघत नव्हते, असं माईंनी फोनवर सांगितलं. हे ऐकून रडता रडता मला बरंही वाटलं.

मला मात्र आठवतो तो त्यांच्या परतीनंतरचा पहिला रविवार. फोन लागला. समोर चष्मा आला. सीमाने काही ऐकायच्या आत, इतक्या वर्षांच्या सवयीने, फोन छताकडे धरला आणि बैठकीच्या खोलीवरून सावकाश फिरवायला लागली. 

मग आबा म्हणाले, "वर काय दखाडस? पोरगी दखाड."